आईची झोपेची गोळी अन् सोडून दिलेली दुसरी गोळी: ह्या डोक्यात जाऊन नेमकं करतात काय?

अंबाझरी_लेआउट (धागा सुरू केला), रविवार रात्री ११:४८

मंडळी, धागा लांबणार आहे, पण कुणीतरी नीट वाचा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा आमच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. ज्यांनी ती रात्र पाहिली त्यांना वेगळं काय सांगू. फ्रीज आडवा होऊन तरंगत होता, बाबा मेन स्विच बंद करायला धावले अन् आई जिन्यात उभी, हातात रेशनकार्ड अन् एलआयसीच्या कागदांची पिशवी. आमच्यापैकी कुणाला काही झालं नाही, घरही नंतर हळूहळू लागलं, पण आई अजून त्या जिन्यातच उभी आहे असं मला वाटते. ती पिशवी अजूनही दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली आहे, काढू देत नाही. पाऊस आला की रात्री टॉर्च घेऊन गॅलरीतून नाला बघते, छातीत धडधड, हातपाय गार, "मले काहीतरी होऊन राहिलं रे" म्हणते. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल.

मग धंतोलीत मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवलं. अँग्झायटी डिसऑर्डर, म्हणजे चिंतेचा आजार, पॅनिकसकट, म्हणजे अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांसकट, असं निदान झालं. सकाळी सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम, आठवड्यानं ५०, अन् रात्री आल्प्राझोलाम ०.२५, ही दुसरी फक्त तीन आठवडे, असं चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. आईनं सहाव्या दिवशी सर्ट्रालिन सोडली, मळमळते अन् धडधड उलट वाढली म्हणून. अन् आल्प्राझोलाम? ती दीड वर्ष झालं चालूच आहे, आता ०.५ वर गेली. कोपऱ्यावरच्या एका मेडिकलवाल्यानं जुन्या चिठ्ठीवरच गोळ्यांच्या पत्त्यावर पत्ता दिला, मला हे मागच्या आठवड्यात कळलं. मला कळायला हवं होतं, मी त्याच घरात राहतो.

आईला विचारलं तर म्हणते, "जे औषध लागू पडते ते घेतो, जे लागू पडत नाही ते काऊन घेऊ?" मला उत्तर देता आलं नाही. डॉक्टरांची अपॉइंटमेंट गुरुवारची आहे. तोपर्यंत मला समजून घ्यायचं आहे की ह्या दोन गोळ्या मेंदूत करतात काय, म्हणजे आईला मी तरी नीट सांगू शकेन.


तर्री_पोहा, सोमवार सकाळी ७:१०

भाऊ मी तुम्हाला सांगतो, ती झोपेची गोळी आजच्या आज फेकून द्या. माझ्या काकाला त्याच गोळीची सवय लागली होती, दहा वर्षं सुटली नाही, शेवटी शेवटी नावं विसरायला लागले होते. गोळी हातात ठेवूच नका आईच्या.


रात्रपाळी_मेडिकल, सोमवार सकाळी ७:३५

थांबा. तर्री भाऊ, तुमची कळकळ समजते पण हे करू नका, अन् अंबाझरी भाऊ तुम्ही तर अजिबातच करू नका. मी स्वतः फार्मसिस्ट आहे, बारा वर्षं काउंटरवर उभा आहे. दीड वर्ष रोज घेतलेली आल्प्राझोलाम एका दिवसात बंद केली तर झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, अन् काही जणांना झटके येतात, फिट येते तशी. जीवावर बेतू शकते. गुरुवारपर्यंत जशी चालू आहे तशीच, तेवढीच, त्याच वेळेला द्या. कमी करायची ती डॉक्टरांनी आखून दिल्यावर, पायरी पायरीनं.

अन् त्या मेडिकलवाल्याबद्दल. आल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही सगळी १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ह्या कडक नियमांच्या यादीत आहेत. पत्त्यावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, बघा घरी. ही देताना दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिली हे लिहायचं असते अन् ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं असते. हा कागदी सोपस्कार नाही, कुणाची आई दीड वर्ष एकाच चिठ्ठीवर चालू राहू नये म्हणूनच तो नियम आहे. माझ्याच धंद्यातल्या माणसानं असं केलं हे वाचून फार वाईट वाटलं.


औषधशास्त्र_शिकवते, सोमवार रात्री १०:०५

अंबाझरी भाऊ, मी इथल्याच एका कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते, डॉक्टर नाही, म्हणून डोस-बिस मी सांगणार नाही. पण गोळी आत जाऊन काय करते हे सांगू शकते, अन् आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. प्रश्न अगदी बरोबर विचारलाय हो त्यांनी.

आधी भीती कुठून येते ते. कानशिलांच्या आत, दोन्ही बाजूंना बदामाएवढा एक भाग असतो, अमिग्डाला. त्याचं काम एकच, धोका दिसला की ओरडायचं. तो ओरडला की हायपोथॅलॅमसमार्गे निरोप मूत्रपिंडावरच्या ग्रंथींना जातो, अॅड्रेनलिन सुटते, हृदय धावते, हातपाय गार पडतात कारण रक्त मोठ्या स्नायूंकडे वळते. त्या पहाटे जिन्यात आईचा अमिग्डाला ओरडला ते बरोबरच होतं, त्यानंच माणूस वाचतो. आता बिघाड असा की पावसाचा आवाज आला तरी तो तेवढ्याच जोरात ओरडतो, अन् कपाळामागचा विचार करणारा भाग, जो म्हणतो की अगं नुसता पाऊस आहे, त्याचं तो ऐकत नाही. म्हणून "आई, घाबरू नको" म्हणून फरक पडत नाही. तुमचं म्हणणं तिला पटते, अमिग्डालाला पटत नाही.

आता पहिली गोळी, आल्प्राझोलाम. मेंदूत गाबा नावाचं रसायन आहे, ते ब्रेकचं काम करते. पेशीवर एक दार असते, गाबा येऊन त्याला लागला की दार उघडते, क्लोराइडचे कण आत जातात, पेशीच्या आतला विद्युतभार आणखी ऋण होतो अन् ती पेशी सहजासहजी पेटत नाही. आल्प्राझोलाम हे दार स्वतः उघडत नाही. ती बिजागरीला तेल घालते म्हणा न, दार गाबाच उघडतो पण आता ते घडीघडी उघडते. गोळी घेतल्यावर तासाभरात अमिग्डालाचं ओरडणं खाली येते, हे आईला कळते, म्हणून ती "लागू पडते". जुन्या बार्बिट्युरेट गोळ्या दाराला पाचर मारायच्या, दार उघडंच राहायचं, अन् डोस जास्त झाला तर गाबा नसतानाही उघडायचं, श्वास बंद पडून माणसं गेली आहेत त्यात. लिओ स्टर्नबाख ह्या रसायनशास्त्रज्ञानं क्लोरडायझेपॉक्साइड शोधलं, ते १९६० मध्ये बाजारात आलं, १९६३ मध्ये डायझेपाम, तेव्हा जग खुश झालं कारण त्या मानानं ह्या खूप सुरक्षित होत्या. दारूसोबत मात्र ह्या सुद्धा नाहीत, कारण दारू पण त्याच दाराला हात लावते.

पण बिजागरीला रोज तेल पडायला लागलं की मेंदू म्हणतो, ब्रेक जास्तच लागून राहिला. मग तो हळूहळू ती दारं मंद करतो. म्हणून ०.२५ चं ०.५ झालं. आईचा हट्ट नाही तो, चुकूनही तसं बोलू नका तिला.

अन् एक गोष्ट तपासा. आल्प्राझोलाम रक्तात निम्मी व्हायला साधारण ११ तास लागतात. म्हणजे नऊला घेतलेली गोळी पहाटेपासून उतरणीला लागते अन् ज्या मेंदूनं आपला ब्रेक ढिला करून ठेवलाय तो उघडा पडतो. आईला पहाटे जास्त त्रास होतो का?


अंबाझरी_लेआउट, सोमवार रात्री १०:२२

मॅडम, अंगावर काटा आला. चार, साडेचारला. रोज. आम्ही दीड वर्ष समजून राहिलो की पाणी त्या वेळेला शिरलं होतं म्हणून आईला त्याच वेळेला जाग येते.


औषधशास्त्र_शिकवते, सोमवार रात्री ११:१५

आठवण असेलच त्यात, पण गोळी उतरण्याचाही हात असू शकतो. हे गुरुवारी डॉक्टरांना नक्की सांगा, वेळेसकट, शक्य असेल तर दोन-तीन रात्रींचं कागदावर लिहून न्या.

आता दुसरी, सर्ट्रालिन. एका पेशीनं दुसरीला निरोप द्यायला सेरोटोनिन बाहेर सोडलं की काम झाल्यावर ते परत आत ओढून घेणारे पंप असतात. कळमना मार्केट डोळ्यासमोर आणा. संत्र्याचा माल यार्डात उतरला अन् हमाल लगेच उचलून परत गोदामात नेऊन राहिले. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ह्या एकाच जातीच्या गोळ्या, त्या हमालांना अडवतात, म्हणजे माल यार्डात जास्त वेळ राहतो. हे पहिल्या गोळीपासून काही तासांतच होते. मग गुण यायला तीन-चार आठवडे काऊन लागतात? कारण माल पाठवणाऱ्या पेशींवर, ज्या मेंदूच्या खोडात राफे नावाच्या जागी आहेत, एक मुकादम बसलेला असतो. यार्ड भरलेलं दिसलं की तो मागे निरोप देतो, गाड्या कमी पाठवा. त्यामुळे सुरुवातीला हमाल अडवूनही पुढे फारसा माल पोचतच नाही. दोन-तीन आठवडे यार्ड भरलेलंच दिसत राहिलं की मुकादमाची नजर मरते, गाड्या पुन्हा पूर्ववत सुटतात, अन् आता हमाल पण अडलेले. ह्याला ऑटोरिसेप्टरची संवेदनशीलता कमी होणं म्हणतात. उशीर होण्याचं हे एक कारण. त्याच्या जोडीला पेशींची आपसातली जोडणी बदलते, हे आठवड्यांचंच काम आहे. घाबरलेल्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून मेंदूचे स्कॅन केले तर ह्या गोळ्यांनंतर अमिग्डाला कमी उसळतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलेलं आहे.

अन् मळमळ. शरीरातलं जवळजवळ ९० टक्के सेरोटोनिन पोटात, आतड्यात असते. गोळीला मेंदू अन् पोट असा भेद कळत नाही, म्हणून पहिला आठवडा-दोन आठवडे पोट ढवळते. धडधड वाढणं पण पहिल्या दिवसांत होते, पॅनिकवाल्यांना जास्त, म्हणूनच डॉक्टरांनी २५ नं सुरू केली अन् तेवढे तीन आठवडे निभावून न्यायला रात्रीची आल्प्राझोलाम दिली होती. आल्प्राझोलाम हा नुसता पूल होता हो. आई पुलावरच घर करून बसली, कारण पूल म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलंच नाही. सुरुवातीचे दिवसच सगळ्यात वाईट, त्यातच सहाव्या दिवशी सोडली तिनं.


महालकर, मंगळवार सकाळी ९:००

मॅडमचं लिहिणं आवडलं, पण एक शंका मनापासून आहे. २०२२ मध्ये मोठा आढावा आला होता न, की सेरोटोनिन कमी झालं म्हणून डिप्रेशन येते ह्याला पक्का पुरावाच नाही. मग सेरोटोनिन वाढवून राहिलो कशासाठी? माझी बहीण ह्या बातमीनंतर गोळी सोडून बसली आहे, म्हणून विचारतो.


औषधशास्त्र_शिकवते, मंगळवार रात्री ९:४०

रास्त शंका आहे. तो आढावा डिप्रेशनचं कारण काय ह्याबद्दल होता, गोळी काम करते की नाही ह्याबद्दल नव्हता. डोकं दुखते ते काही पॅरासिटामॉल कमी पडल्यामुळे नाही, तरी पॅरासिटामॉलनं थांबते. "तुमच्यात सेरोटोनिन कमी आहे" असं सांगणं सोपं पडते म्हणून वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, ते मला स्वतःला कधीच आवडलं नाही, वर्गात पण मी तसं शिकवत नाही. अँग्झायटीत ह्या गोळ्या मान्य झाल्या त्या साध्या, औषध नसलेल्या रिकाम्या गोळीशी तुलना करून. रिकाम्या गोळीनं पण बऱ्याच लोकांना बरं वाटते, खऱ्या गोळीनं त्याहून जास्त लोकांना वाटते, हा जास्तीचा फरक मध्यम आहे, पण खरा आहे. बोलण्याचे उपचार, सीबीटी, ह्यांचा पण साधारण तेवढाच उपयोग होतो अन् त्यात शिकलेलं पुढे टिकते. बहिणीला म्हणावं सोडायचीच असेल तर डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. एकदम सोडली की चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, चिडचिड होते, पॅरोक्सेटिननं जास्त कारण ती लवकर निघून जाते, फ्लुओक्सेटिननं कमी कारण ती अंगात आठवडेच्या आठवडे रेंगाळते. ह्याला व्यसन नाही म्हणत, गोळीची हाव सुटत नाही, पण त्रास होतो तो खरा असतो.


हॉस्टेल_रूम_१४, मंगळवार रात्री ११:५५

विषय थोडा बाजूचा आहे पण विचारतो. परवा माझी व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, आहे, अन् व्हायवाला माझे हात इतके थरथरतात की मागच्या वेळेस स्लाइड फुटली हातातून. रूममेटनं प्रोप्रानोलॉलची गोळी दिली आहे, म्हणे तासभर आधी घे, काहीच होत नाही. घेऊ का? मला थोडा दमा आहे, इन्हेलर आहे.


रात्रपाळी_मेडिकल, बुधवार रात्री १२:०४

नाही!! पोट्ट्या, ती गोळी घेऊ नको, दमा आहे तुला. अॅड्रेनलिन हृदयावर ज्या कुलपाला लागते ते कुलूप ही गोळी अडवते, म्हणून धडधड अन् थरथर थांबते, मनातली भीती थेट ती काढत नाही, शरीराचा गोंधळ थांबला की मन आपोआप थोडं निवते. पण तशाच जातीचं कुलूप फुप्फुसाच्या नळ्यांवर पण आहे, तिथे अॅड्रेनलिन नळ्या उघड्या ठेवते. ते अडलं तर नळ्या आवळतात, अन् तुझ्या इन्हेलरमधलं औषध पण त्याच कुलपाला लागते, म्हणजे ऐन वेळेला ते पण चालणार नाही. जेम्स ब्लॅक ह्यांना हे औषध शोधल्याबद्दल १९८८ चं नोबेल मिळालं, औषध चांगलंच आहे, तुझ्यासाठी नाही. गोळी रूममेटला परत दे अन् त्याला पण सांग की असं वाटत फिरू नको.


हॉस्टेल_रूम_१४, बुधवार रात्री १२:१०

दिली परत. थँक्यू दादा, खरंच.


काटोलचा_बगीचा, बुधवार सकाळी ६:३०

आमच्याकडे मृगाचा बहार सोडला तर वर्षभर ह्या ना त्या घरात कुणीतरी गोळ्या खाऊन राहिलं, नापिकीनं माणसाचं मन खाल्लं आहे. माझीच घरवाली एस्सिटालोप्राम घेते. तिले कोणीतरी सांगितलं की गोळीवर संत्र चालत नाही. संत्र्याच्या घरात संत्र बंद झालं बाप्पा. खरं आहे का हे?


औषधशास्त्र_शिकवते, बुधवार रात्री ८:२०

दादा, खाऊ द्या वहिनींना संत्रं. ती सूचना ग्रेपफ्रूट नावाच्या दुसऱ्या फळाची आहे, पपनसाच्या भावकीतलं. त्यातली काही द्रव्यं आतड्यातलं औषध मोडणारं एक एन्झाइम बंद पाडतात अन् रक्तात काही औषधं जास्त चढतात, ब्युस्पिरोन ह्या चिंतेवरच्या औषधासारखी तर फारच. आपल्या नागपुरी संत्र्याचा तो प्रश्न नाही. मात्र त्यांना कधी सांधेदुखीच्या गोळ्या दिल्या गेल्या तर डॉक्टरांना एस्सिटालोप्राम चालू आहे हे आधी सांगा, दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते.

अन् दादा, तुम्ही नापिकीचं लिहिलं म्हणून, १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. गावात कुणाचं मन फार खचलेलं दिसलं तर लावून द्या.


अजनी_लाइन, बुधवार रात्री १०:४५

मी दोन वर्षं एस्सिटालोप्राम घेतली, त्याबद्दल कुणी बोलत नाही ते लिहितो. घाम खूप यायचा, अन् मे महिन्यात ४५ डिग्रीत नागपुरात घाम म्हणजे शर्ट दिवसातून तीनदा. दुसरं म्हणजे नवराबायकोतलं. इच्छा कमी होते, उशीर होतो. मी आठ महिने हे डॉक्टरांना सांगितलं नाही लाजेनं, बायकोला वाटलं तिचंच काहीतरी चुकलं. सांगितल्यावर डॉक्टरांनी डोस बदलला, फरक पडला. आठ महिने आम्ही दोघं विनाकारण झुरलो. म्हणून सांगतो, बोला. अन् तरुण पोरांच्या आईबापांनी, पंचवीसच्या आतल्या, सुरुवातीच्या आठवड्यांत नीट लक्ष ठेवा, त्या वयात कधी कधी जीव द्यायचे विचार वाढतात, हे मला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी तेव्हा तेवीसचा होतो.

बाकी गोळीनं मी बदललो नाही. मी तसाच आहे. फक्त ट्रेन सुटायच्या आधी तीन तास पोटात गोळा यायचा, तो येत नाही.


अंबाझरी_लेआउट, गुरुवार रात्री ११:३०

जाऊन आलो. पहाटेच्या वेळा लिहून नेल्या होत्या, डॉक्टरांनी तो कागद फाइलला लावून घेतला. आल्प्राझोलामच्या जागी क्लोनाझेपाम दिली, ती रक्तात निम्मी व्हायला ३०-४० तास लागतात म्हणून पहाटेची उतरण इतकी तीव्र राहणार नाही म्हणाले, अन् मग दर दोन आठवड्यांनी थोडी थोडी कमी, काही महिने लागतील. सर्ट्रालिन २५ पुन्हा सुरू, नाश्त्यानंतर. एका समुपदेशक ताईंकडे पण पाठवलं, त्या आईला पावसाच्या आवाजाजवळ हळूहळू नेणार आहेत.

घरी येऊन आईला हमाल अन् मुकादम सांगितलं. माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, कळमन्यात हमाली करायचे, हे मी इथे लिहिलं नव्हतं. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मुकादम असाच असते. पहिले पंधरा दिवस कोणाचं ऐकत नाही." कॅलेंडरवर तिनं स्वतः एकवीस दिवसांवर पेन्सिलनं खुणा केल्या.


रात्रपाळी_मेडिकल, शुक्रवार सकाळी ७:०५

क्लोनाझेपामनं सुरुवातीला तोल जाऊ शकतो, रात्री उठताना बाथरूमचा लाइट चालू ठेवा. अन् उरलेल्या आल्प्राझोलामच्या गोळ्या घरात ठेवू नका.


अंबाझरी_लेआउट, २४ दिवसांनी, रविवार सकाळी ६:१५

मळमळ नवव्या दिवशी थांबली. सहावा दिवस खरंच वाईट गेला, मी सुट्टी घेतली होती, दोघं मिळून मेथी निवडत बसलो दिवसभर.

काल रात्री दोनच्या सुमारास जोरात पाऊस आला. आई उठली, गॅलरीत गेली, टॉर्च न घेता. मी मागे उभा होतो. नाला बघितला, हाताची घडी घालून दोन मिनिटं उभी राहिली, म्हणाली, "धडधडून राहिलं, पण तेवढं नाही." अन् आत जाऊन झोपली. आता सव्वासहा झाले, अजून झोपलेली आहे. पिशवी खिळ्यालाच आहे.


तर्री_पोहा, रविवार सकाळी ७:००

भाऊ, झोपू द्या. उठल्यावर पोहे मी घेऊन येतो, पत्ता पाठवा.